क्लचवरचा पाय

११ फेब्रुवारी २००२, सोमवार

आजपासून मी मास्तर झालो. सोळा वर्षं ट्रक हाकला, कराडपासून पार कोचीनपर्यंत, पण मला 'मास्तर' कुणी म्हटलं नव्हतं. आज सकाळी एका चष्मेवाल्या बाईंनी म्हटलं आणि मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. हे सांगितल्यावर वसू इतकी हसली की चहा उतू गेला.

नालासोपारा पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालंय. पाणी एक दिवसाआड येतं, पण खिडकीतून वारा येतो आणि मी रोज संध्याकाळी घरी येतो. वसूला लग्नानंतर चौदा वर्षांनी नवरा रोज घरी बघायला मिळतोय. किती दिवस आवडतोय ते बघू.

नोकरी वसईत, क्लेमेंटीन मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये. मालक आलोशियस, वय साठीच्या आसपास. शाळेला बायकोचं नाव दिलंय, त्यामुळे आजवर एकही दिवस उशिरा यायची हिंमत झाली नाही म्हणतात. माणूस दिलखुलास आहे. गंमत एवढीच की गाडी शिकवणाऱ्या शाळेचा मालक येतो सायकलवरून. विचारलं तर म्हणाले, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय.

शिकवायची गाडी म्हणजे पांढरी मारुती. अशा गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. दोन्ही बाजूचे पेडल आतून जोडलेले, एक दाबला की दुसराही खाली जातो. मी आजवर असली गाडी चालवली नव्हती. आलोशियससाहेब म्हणाले, तीन दिवसांत सवय होईल. मला तीन तासांत झाली.

ही वही एका टायरवाल्यानं नववर्षाला दिलेली. जानेवारी कोराच गेला. आता रोज नाही तरी अधूनमधून लिहीन म्हणतो.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आज लाकडी गाडीवर शिकवलं. आधीचे मास्तर, गंगाराम, यांनी ती चौदा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं बनवली. फळ्यांची बैठक, भंगारातल्या फियाटचं स्टिअरिंग, गिअरचा दांडा, आणि खाली स्प्रिंग लावलेले तीन पेडल. नवीन माणूस पहिले तीन दिवस रस्त्यावर जातच नाही, याच्यावर बसून क्लच आणि गिअरचा सराव करतो. पोरं व्हिडिओ गेमच्या दुकानात बसून गाड्या पळवतात ना, तसंच, फक्त समोर पडद्याऐवजी भिंत आणि भिंतीवर वेलंकणी मातेचं कॅलेंडर. पण युक्ती लाख मोलाची आहे.

शिकवण्यात खरं कौशल्य एकच. क्लच दाबायला कुणीही दाबतो, सोडायचा कसा हे कळायला हवं. सावकाश सोडता सोडता एका जागी इंजिन पकड घेतं, गाडीच्या अंगातून बारीक थरथर येते. तिथं पाय क्षणभर थांबवायचा. ती जागा सांगून कळत नाही, ती पायालाच सापडावी लागते. ज्याच्या पायाला ती सापडली तो ड्रायव्हर. बाकीच्यांची गाडी झटके खाऊन बंद पडणार.

गंगाराम मास्तरांनी इथं एक रीत घालून दिलीय. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यानं अनवाणी डावा पाय क्लचवर ठेवायचा. मास्तरनं आपला पाय त्याच्या पायावर ठेवायचा. बाईमाणूस असेल तर मध्ये घडी घातलेला रुमाल. मग मास्तरनं म्हणायचं, 'पाय माझा, चाक तुझं, भिऊ नको.' विद्यार्थ्यानं म्हणायचं, 'दिला.' असं तीन वेळा दाबायचं आणि मग दोघांनी एकमेकांना नमस्कार करायचा, कारण पाय लागलेला असतो. आलोशियससाहेब सांगतात, ही रीत सुरू झाल्यापासून एकही माणूस घाबरून शाळा सोडून गेला नाही.

मला आवडली रीत. माणसाची भीती अर्धी पळते. आज चौघांबरोबर केली.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

स्वतःची स्तुती स्वतः करू नये, पण वहीत कोण बघतंय. मी या कामासाठीच जन्माला आलो होतो असं दिसतंय. पंधरा दिवसांत माझ्या एकाही विद्यार्थ्याची गाडी बंद पडलेली नाही. एकदाही नाही! ट्रकवर माझ्या हाताखालचे क्लीनर सहा सहा महिने गाडीला हिसके द्यायचे.

प्रेमलताबाई म्हणजे त्या पहिल्या दिवसाच्या चष्मेवाल्या. शाळेतून निवृत्त झाल्यात, मुलानं गाडी घेऊन दिलीय. क्लच दाबताना 'अगंबाई' म्हणतात, पण गाडी लोण्यासारखी निघते. पियुष कॉलेजात आहे, पेडलला लाथ घातल्यासारखा दाबतो. तरी गिअर कसा अलगद पडतो. आणि जूचंद्र गावची सुरुची, वय तेवीस, कामाची पक्की. क्लच दोन टप्प्यांत दाबते, अर्धा, मग पूर्ण. आलोशियससाहेबांनी आज माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, गंगारामनंतर असा पाय बघितला नाही.

९ मार्च, शनिवार

आज सुरुचीला खोदून विचारलं, गाडी शिकायची इतकी घाई कशाची. तिचे वडील धर्मा बारा वर्षं ओम्नी व्हॅन चालवत होते, गावातली मुलं शाळेत ने-आण करायचे. सतरा जानेवारीला सकाळी खाडीच्या बांधाच्या चढावर गाडी अचानक त्यांच्या हातून बंद पडली आणि मागे घसरली. मुलं नव्हती ते नशीब. धर्मांचा पाय दरवाजात सापडला, तो आता कामातून गेला. घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. सुट्टीपर्यंत एका नातेवाइकानं गाडी चालवायचं कबूल केलंय. तेरा जूनला शाळा उघडली की आठ मुलांना घेऊन सुरुचीच जाणार.

वाटेत रेल्वेचं फाटक आहे. रस्ता रुळांपर्यंत चढत जातो, आणि फाटक उघडलं की दोन्ही बाजूंनी रिक्षा, टेम्पो एकदम घुसतात. तिथं चढावर थांबून पुन्हा गाडी काढावी लागते. सुरुची म्हणाली, सर, मला बाकी काही नको, तेवढं फाटक जमलं पाहिजे.

मी तिला शब्द दिला. आठ मुलं म्हणजे चेष्टा नाही.

तिनं एक सांगितलं ते डोक्यात राहिलं. बाबा म्हणतात, बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी क्लच कसा सोडायचा तेच पायाला आठवेना. धर्मांनी गाडी शिकली होती आमच्याच शाळेत, गंगाराम मास्तरांकडे.

२० मार्च, बुधवार

वसूची तक्रार आहे की मी जेवताना डावा पाय हलवतो. मांडी घालून बसलो की गुडघा दाबल्यासारखा खाली जातो, मग सावकाश वर येतो. ती म्हणते झोपेतही हलतो, पण पहाटे सहानंतरच. मी म्हटलं, दिवसभर क्लच दाबतो, पायाला सवय लागली. तिनं विचारलं, ट्रकवर सोळा वर्षं काय ब्रेकच दाबत होतात का?

पोटरी दुखते आहे. खोबरेल लावून घेतलं.

४ एप्रिल, गुरुवार

आज ठरवून बघितलं. सुरुची गाडी चालवत होती. मी माझा पाय पेडलवरून काढून बाजूला, नुसत्या जमिनीवर ठेवला. पुढे वळण आलं. तिला दुसरा गिअर टाकायचा होता. मी वाकून तिच्या पायाकडे बघितलं.

तिचा पाय पेडलवर होता, पण वरवर. सॅंडल आणि पेडल यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी होती. क्लच तिच्या पायाच्या आधी खाली गेला आणि तिचा पाय त्याच्या मागोमाग गेला. तिला कळलंसुद्धा नाही. तिला वाटलं आपणच दाबला.

आणि त्याच वेळी माझ्या डाव्या पायानं गाडीची जमीन दाबली होती. मी दाबली नव्हती. अर्धी, मग पूर्ण. तिच्यासारखी.

दुपारी मेकॅनिककडून जोडणी तपासून घेतली. सगळं ठीक आहे म्हणाला. मी त्याला काय विचारणार होतो आणखी?

१८ एप्रिल, गुरुवार

परीक्षा झाली. ठाण्याहून आरटीओचे साहेब कॅम्पला आले होते. त्यांचा नियम कडक, मास्तरनं गाडीत बसायचं नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, आज कळेल काय ते. मी मैदानाच्या कडेला, पन्नास पावलांवर चिंचेखाली उभा राहिलो.

सुरुचीनं गाडी काढली तेव्हा माझी टाच मातीत रुतली. मी झाडाला धरून उभा होतो. साहेबांनी तिला चढावर थांबवलं, पुन्हा काढायला सांगितलं. माझा पाय वर येता येता मध्येच थांबला, त्या पकडीच्या जागी, आणि मला पोटरीत इंजिनाची थरथर लागली. पन्नास पावलांवर, मातीत उभा असताना. मी तिथं 'सोड, सोड' म्हणत होतो आणि माझा पाय ऐकत नव्हता. गाडी इंचभर मागे न घसरता वर गेली.

सगळे पास झाले. सुरुची पेढे घेऊन आली आणि पाया पडायला वाकली. मी दोन पावलं मागे सरकलो. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला बघवलं नाही.

मातीत खड्डा पडला होता, टाचेएवढा खोल.

२७ एप्रिल, शनिवार

आलोशियससाहेबांना कोपऱ्यात घेऊन विचारलं. आधी टोलवाटोलवी केली. मग एकदम खाली बसले आणि म्हणाले की त्यांनाही गाडी गंगारामनंच शिकवली. सतरा जानेवारीला गंगाराम घरात कोसळला, त्याच सकाळी त्यांची गाडी चर्चच्या फाटकावर आदळली. तेव्हापासून सायकल. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाले, मला वाटलं ते गंगारामचंच काहीतरी होतं, त्याच्याबरोबर संपेल. रीत करून घ्यायला नको होती, पण लोकांना आवडते, शाळा त्यावरच चालते. मान वर करून बोलले नाहीत.

मग गंगाराम मास्तरांच्या घरी गेलो. मिठागराच्या बाजूचं गाव. त्यांची बायको जिजा, केस सगळे पांढरे. काही न विचारता तिनं मला आत नेलं.

मास्तर खाटेवर पडलेले. वाचा गेली आहे. अंग निम्मं राहिलंय, पण डाव्या पायाकडे बघवत नाही, वाळलेली काठी नुसती. खाटेच्या पायथ्याला चिंधी गुंडाळलेली वीट बांधली होती आणि तो पाय त्या विटेला दाबत होता. दाबायचा, सावकाश सोडायचा. पुन्हा दाबायचा. एक संपायच्या आत दुसरा. वीट मधोमध झिजलेली.

जिजानं तांब्यातून पाणी दिलं आणि खाटेजवळ बसून पोटरी चोळायला लागली. बोलत राहिली. 'चवदा वरसं झाली, भाऊ. ज्याला ज्याला म्हनले ना, पाय माझा, त्या सगल्यांचा पाय हाच. सकाली लोक कामावर निघतात तवा तर पानी प्यायला उसंत नाय. त्या दिवशी हे पडले, घटकाभर पाय थांबला. तेवढ्यात कोनाकोनाचं काय झालं, कोन मोजनार?'

मी म्हटलं, मग सोडवायचं कसं? ती माझ्या पायाकडे बघत होती. तिच्याकडे उत्तर असतं तर तिनं चौदा वर्षं तेल चोळलं नसतं.

मास्तरांनीही माझ्या पायाकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमचे दोघांचे पाय आपापलं काम करत होते.

१२ मे, रविवार

आता मी त्यांना ओळखायला लागलोय. माझे अकराजण. प्रेमलताबाई दाबून धरतात आणि मग एकदम सोडतात. लाथ बसली की पियुष. अर्धा मग पूर्ण, ती सुरुची, रिकामी ओम्नी घेऊन गावात सराव करते. लांब दाब आणि हळू सुटका म्हणजे थांबलेली गाडी निघाली. मग आखूड दाब, दुसरा गिअर. आणखी आखूड, तिसरा. घरात बसून मला कळतं कोण कुठल्या गिअरमध्ये आहे.

दोघांनी एकदम दाबला की पायात कळ येते.

शाळेत मी ती रीत बंद केली. नवीन विद्यार्थ्यांच्या गाड्या दिवसातून वीस वेळा बंद पडतात. एक बाई म्हणाल्या, या मास्तरांना शिकवता येत नाही. त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. शिकतील त्या. खरंच शिकतील.

पण त्या अकरांना काय सांगू? पियुषच्या घरी गेलो, गाडी चालवू नको म्हटलं. त्याच्या वडिलांनी विचारलं, मास्तर, तब्येत बरी आहे ना?

२४ मे, शुक्रवार

मी केलं हे.

वसू म्हणाली होती, एक दिवस बांधून बघू. पाय हलला नाही तर त्याची सवय सुटेल. मलाही पटलं. तिला का दोष देऊ, मला विश्रांती हवी होती. दुपारी दोनला तिनं जुन्या लुगड्यानं पाय खाटेच्या खुराला आवळला. पाऊण तास पाय ओढ खात होता. गाठ सुटली नाही. त्यात एक ओढ लांब होती, मग एकदम हिसका, मग पुन्हा हिसका, पुन्हा. मी ओळखलं कोण ते. ओळखलं आणि तरी पडून राहिलो. वाटलं, होईल बंद, ढकलतील लोक.

संध्याकाळी आलोशियससाहेब आले. प्रेमलताबाईंची गाडी मिठागराच्या बांधावर चढताना बंद पडली, मागे घसरली आणि पाण्यात गेली. दार उघडेपर्यंत उशीर झाला.

'अगंबाई' म्हणायच्या दर वेळी.

वसूनं लुगडं जाळून टाकलं. रडत होती. मला रडूसुद्धा येत नाही. पाय चालू आहे. दहाजण.

३० मे, गुरुवार

गंगाराम मास्तर पहाटे गेले. जिजानं निरोप पाठवला.

सकाळभर वसईत जागोजागी गाड्या बंद पडलेल्या. लोक म्हणत होते, पेट्रोलमध्ये भेसळ असणार. दोन ठिकाणी अपघात झाले. मी चौकशी केली नाही. मला नावं ऐकायची नव्हती.

जिजा म्हणाली, शेवटी पायात जीवच उरला नव्हता. आधी बोटं बधिर झाली, मग टाच, मग घोटा.

माझ्या डाव्या पायाची करंगळी परवापासून बधिर आहे.

३ जून, सोमवार

सुरुचीला खरं शिकवतोय. आठवडा झाला. रोज सकाळी तिच्या ओम्नीत. सगळं सांगितलं तिला. ती घाबरली नाही, मला वाटतं तिला माझीच कीव आली. पण ऐकते. म्हणते, सर, मग शिकवा पुन्हा.

मोकळ्या मैदानात, माझ्या दहांपैकी दुसरं कुणी गाडी चालवत नसेल अशा वेळी, मी दोन्ही हातांनी माझा गुडघा धरून ठेवतो आणि तिला गाडी काढायला सांगतो. बंद पडते. पुन्हा. बंद. काल एकेचाळीस वेळा. तिच्या पायाला काही माहीतच नाही, पहिल्या दिवसासारखा कोरा. शिकलेलं रात्रीत पुसल्यासारखं जातं. ती जागा तिला सापडत नाही. ती माझ्याकडे आहे. तिनं देऊन टाकली आणि मी घेतली.

शेवटी ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. म्हणाली, 'तुम्ही गुडघा सोडा ना सर. तुम्ही सोडलात की जमतं मला.'

सोडला. ओम्नी लोण्यासारखी निघाली.

८ जून, शनिवार

घोट्यापर्यंत बधिर. टाचणी टोचली, रक्त आलं, कळलं नाही.

पाय अजून चालतो, पण चुकतो. ती पकडीची जागा मला नीट लागत नाही आता. पियुषची गाडी काल दोनदा बंद पडली, मला ते कळलं—

डॉक्टर म्हणाले नस दबली, पाय कशानं आवळला होता का. गोळ्या दिल्या.

१० जून, सोमवार

वसूच्या खांद्यावर हात टाकून जूचंद्रला गेलो. धर्मा ओट्यावर बसले होते, कुबड्या बाजूला. सुरुची मुलांच्या घरी वेळा सांगायला गेली होती.

त्यांना सगळं सांगितलं. गंगाराम मास्तरांचं, प्रेमलताबाईंचं, माझ्या पायाचं. तेराला गाडी काढू देऊ नका म्हणून हात जोडले. वाटलं हसतील. हसले नाहीत. त्यांना माहीत होतं. बारा वर्षं माहीत होतं.

म्हणाले, 'मला काय कललं नसंल? माझा पाय मलाच कलनार ना. पन बारा वरसं पोरं सुखरूप नेली का नाय? तुमी पाय चालू ठेवा, मास्तर. कसंबी करा. आमचं घर त्याच्यावर हाय.'

मी म्हटलं, माझा पाय मरत चाललाय.

म्हणाले, देवाची मर्जी, आणि सुरुचीच्या आईला चहा टाकायला सांगितलं.

मी ओरडलो त्यांच्यावर. आठ मुलं आहेत म्हटलं. दोघातिघा मुलांचे आईबाप जमले, त्यांनाही सांगितलं. एकजण हळूच वसूला म्हणाला, यांना घरी न्या, ताई.

१२ जून, बुधवार

गुडघ्यापर्यंत.

उठता येत नाही. फोन केला, धर्मांनी ठेवला. पुन्हा केला, उचलत नाहीत.

आलोशियससाहेब जाऊन आले. सुरुची त्यांना म्हणाली, सरांना सांगा काळजी करू नका, मला येतं आता. आज गावात चार फेऱ्या मारल्या, एकदाही बंद पडली नाही.

त्या चार फेऱ्या मी हातानं मारल्या. गुडघ्यावर दोन्ही तळवे ठेवून, दाबून, उचलून. अंदाजानं. घाम निथळत होता. मला काहीच लागत नाही खाली, नुसतं लाकूड—

वसू पहाटे जाणार आहे. गाडीसमोर आडवी पडेन म्हणते.

१३ जून, गुरुवार

सहा वाजले. वसू पावणेपाचलाच गेली. खुर्चीत बसलोय, पायाखाली पाट. वही उजव्या मांडीवर.

६.२० — अजून काही नाही. वसू पोचली असेल. अडवलं असेल. देवा, अडवलं असेल.

६.३४ — अर्धा. मग पूर्ण. निघाली ती.

वसू कुठाय?

पहिला. दुसरा. थांबली. पहिलं मूल असेल. पुन्हा पहिला— हातानं करतोय, मध्ये लिहितोय. लिहिलं नाही तर ओरडेन.

६.४१ — चौथं. पाचवं.

पियुषनं लाथ घातली मध्येच. आता नको रे. आता नको.

६.५० — आठ झाली. थांबत नाही आता. तिसरा गिअर. सरळ रस्ता. वसू पोचली नाही. तिची लोकल चुकली असेल. किंवा धर्मांनी धरून ठेवलं—

दाबून धरलाय. थांबली. चढ. फाटकच आहे.

६.५८ — उचलायचं आता. सावकाश. कुठं आहे ती जागा कुठं आहे, मला काही लागत नाही, हाताला नुसतं हाड— निघाली. निघाली. पुढे दुसरं कुणी आडवं आलं असेल, पुन्हा दाबला. थांबली. किती पुढे आली? रुळांवर आहे का? रुळांवर आहे.

उचलतो. हिसका. बंद पडली.

पुन्हा. अर्धा मग पूर्ण, ती घाबरलीय, तिचा दाब थरथरतोय, तेवढं कळतं मला, मांडीत कळतं. उचलतो. बंद.

सुरुची उतर. मुलं उतरव. सोड गाडी सो

पुन्हा दाबला तिनं. ती उतरत नाही. तिला वाटतं मी आहे—

दोन्ही हात लागणार, पेन खाली